टेकाडापलीकडचा नारिंगी चेंडू

१

उपअभियंता अण्णाराव बिरादार करडवाडीच्या कोरड्या तलावात पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत जमिनीत गेलेला होता.

फौजदार लिंबाजी सोनकांबळे यांनी आधी तो हात पाहिला, डोकं नंतर. डोक्याकडे बघवत नव्हतं. डाव्या कानशिलाचं हाड लिंबाएवढ्या गोलात आत दबलं होतं, डोळा खोबणीतून सुटला होता आणि रक्त गालावरून ओघळून थेट भेगेत उतरत होतं. काळी माती ते घटाघट पीत होती. दोन वर्षं पाऊस न झालेल्या तलावाच्या तळाला माणसाचा हात सहज जाईल अशा भेगा पडलेल्या होत्या.

डोक्यापासून वीतभर अंतरावर एक चेंडू पडला होता. झेंडूसारखा नारिंगी.

लातूर वेगळा जिल्हा होऊन वर्षही सरलं नव्हतं. नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले आणि साहेबांबरोबर साहेबी खेळाची हौस आली. देवणीचे विरूपाक्ष स्वामी फौजेतून ऑनररी कॅप्टन होऊन परतले होते. तिकडे साहेबलोकांबरोबर गोल्फ शिकलेले. त्यांनी कोरड्या तलावात खळगे खणून, भोवती तेल शिंपडलेली वाळू पसरून खेळ मांडला. पण पहिल्याच दिवशी पांढरे चेंडू गडप झाले. तलाव आटला तेव्हा गोगलगायी मेल्या होत्या, आणि त्यांचे उन्हानं पांढरे पडलेले शंख सगळ्या तळावर विखुरले होते. त्यात पांढरा चेंडू शोधायचा म्हणजे कणगीत खडा शोधायचा. म्हणून कॅप्टननी चेंडू रंगवले. स्वतःचे नारिंगी, बिरादारांचे पिवळे, आणि तलावाच्या कडेचे बागायतदार आप्पासाहेब गरड यांचे लाल.

आज सकाळी हे तिघंच खेळायला होते.

"माझाच चेंडू हाय तो," कॅप्टन म्हणाले. साठीचा ताठ माणूस, पण आता उसाच्या चिपाडासारखा दिसत होता. हॅट काढून छातीशी धरली होती. "मी मारला बिरादारसाहेबाला. लिहून घ्या."

त्यांच्या मागे आप्पासाहेब उभे होते. तेही बोडक्यानं, डोक्यावर मे महिन्याचं ऊन घेत. त्यांनी कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला. "मुद्दाम मारला का तुम्ही? चुकून लागला. फौजदारसाहेब, अपघात हाय. ह्या देवमाणसाला तरास देऊ नका."

प्रेत उचलताना लिंबाजींनी खिसे चाचपले. पँटच्या खिशातून पिवळा चेंडू निघाला.

"बिरादारांनी चेंडू मारला नव्हता?"

"न्हाई," कॅप्टन म्हणाले. "त्या टेकाडापलीकडं काय दिसत न्हाई. चेंडू भेगेत गेला की गेलाच. म्हणून एकानं आधी पलीकडं जाऊन उभं राहायचं, चेंडू कुठं पडतो बघायला. आज त्यांची पाळी व्हती."

लिंबाजींनी भेगेत स्वतःचा हात घातला. बोटांना नुसती गरम हवा लागली. बिरादार त्यांच्यापेक्षा हातभर उंच होते.

ज्याचा चेंडू खिशात आहे तो माणूस भेगेत हात घालून काय शोधत होता?

२

ठाण्यात कॅप्टन बाकावर ताठ बसले आणि हुकूम वाचावा तसं सांगू लागले.

"सूर्य नुकताच टेकाडावर आला व्हता. आप्पासाहेबाचा चेंडू डावीकडं बाभळीत गेला, ते तो हुडकायला गेले. मग मी मारला. असा फटका मला उभ्या जन्मात बसला न्हाई. आवाजच सांगतो. चेंडू सरळ सूर्यात शिरला, मला दिसलाच न्हाई. लगेच पलीकडून किंकाळी आली."

"चेंडू दिसला नाही?"

"नारिंगी चेंडू, नारिंगी सूर्य. कसा दिसणार? पण गेला टेकाडावरून. शंभर टक्के गेला."

हे सांगताना त्या खचलेल्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. लिंबाजींना ते विचित्र वाटलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

दुपारी लातूरहून वरिष्ठांचा फोन आला. अपघात म्हणून नोंद करा, म्हाताऱ्याला जामिनावर सोडा, नव्या जिल्ह्यात उगाच बोभाटा नको. पाठोपाठ आप्पासाहेब जामीन राहायला हजर. तेल लावून चापून बसवलेले केस, जाडजूड देह, जिभेवर साखर.

"मी घेऊन जातो त्यांला घरी. आजच सोडा."

"मला सोडू नका," आतल्या कोठडीतून कॅप्टन म्हणाले. "सोडलं तर मी जित्ता राहणार न्हाई. बिरादाराची बायको पोटुशी हाय. तिच्या समोरून कसा जाऊ?"

"बघा, कसं मन झालंय," आप्पासाहेब हळहळले. "घरी नेलेलंच बरं."

लिंबाजी कागद पुढं ओढणार तोच आतून एक बोदा आवाज आला. मग दुसरा. ते धावले. कॅप्टननी कोठडीच्या उंबऱ्याची सुटलेली वीट डाव्या हातात घेतली होती आणि जमिनीवर पसरलेल्या स्वतःच्या उजव्या पंजावर घालत होते. दोन बोटांचा चेंदा झाला होता. तिसऱ्यातून पांढरं हाड वर आलं होतं. हवालदार गुरुपादप्पानं मागून मिठी मारली तरी तो म्हातारा ओरडला नाही.

"ह्याच हातानं मारला," तो एवढंच म्हणाला.

लिंबाजींनी बाहेर येऊन जामिनाचा कागद बाजूला सारला. "उद्या बघू, आप्पासाहेब."

आज पंजा होता. घरी नेल्यावर दोर असेल, नाहीतर विहीर. लिंबाजींच्या हातात एक रात्र आणि उद्याची सकाळ होती.

३

पुराव्याचा चेंडू वर्तमानपत्रात गुंडाळला होता. सकाळी लिंबाजी तो उलगडायला गेले तर कागद निघेना. फाडून काढावा लागला. बोटांना नारिंगी डाग पडले.

त्या डागांकडे ते बघत राहिले. हा डाग त्यांच्या ओळखीचा होता. मुखेडला लहानपणी पोळ्याला पाटलाच्या बैलांची शिंगं रंगवायला त्यांना बोलावत. बौद्धवाड्यातल्या पोराचा हात बैलाला चालायचा, ताटाला चालायचा नाही. घरी येऊन किती घासलं तरी बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत चिकट राहायची.

त्यांनी कॅप्टनना विचारलं, "रंग कुठला लावला?"

पट्टी बांधलेला हात छातीशी धरून कॅप्टन म्हणाले, "देवणीच्या दुकानात शिंगांचा रंग पडून व्हता. औंदा पोळा झालाच न्हाई म्हणा ना, सगळी गुरं छावणीत. तोच घेतला. परवा सांजच्याला नवा हात मारला चेंडूंना."

"हा रंग उन्हाळ्यातसुद्धा वाळत नाही, कॅप्टनसाहेब. शिंग चमकावं म्हणून त्यात तेल फार असतं."

"मी पस्तीस वर्षं बैल न्हाई, रणगाडे बघितले."

लिंबाजींनी कॅप्टनचा डबा मागवला, त्यातला एक नारिंगी चेंडू ठाण्याच्या मागच्या पटांगणात ठेवला आणि लोखंडी टोकाची काठी हातात घेतली. पहिल्या फटक्यात नुसती धूळ उडाली.

"नांगर धरलालाव का काय?" कॅप्टन दुःखातही कळवळले. "मान खाली! चेंडूकडं बघा!"

तिसऱ्या फटक्याला चेंडू खाडकन भिंतीवर गेला. लिंबाजींनी तो उचलून आणला. जिथं लोखंड बसलं होतं तिथला रंग साफ उडून खालची पांढरी पाठ उघडी पडली होती. काठीच्या तोंडावर नारिंगी थर चिकटला होता. त्यांनी दुसरा चेंडू मारला. तेच. तिसरा. तेच.

मग त्यांनी प्रेताजवळचा चेंडू कॅप्टनच्या डाव्या तळहातावर ठेवला. एका बाजूला वाळलेलं रक्त होतं, कागद फाटल्याचे ओरखडे होते. पण लोखंडानं उडवलेला पांढरा डाग कुठंच नव्हता.

"ह्या चेंडूला काठी लागलेलीच नाही," लिंबाजी म्हणाले.

कॅप्टननी चेंडू सगळीकडून फिरवून पाहिला. "मग हा तिथं गेला कसा?"

लिंबाजींनी तो उजेडात धरला. चेंडूच्या अंगावरच्या खळग्याखळग्यांवरून, मऊ रंगात, एक बारीक जाळी उमटली होती. पिठाच्या चाळणीसारखी.

गुरुपादप्पा खांद्यावरून डोकावला. तो निलंग्याकडचा, गोफणीनं ज्वारीची पाखरं हाकत वाढलेला. "अय्यो, साहेब! गोफण! गोफणीतून सुटला तर असाच कानशिलात बसतो. आणि गोफण घेऊन हिंडणारी बाई मला ठावं हाय."

४

कोंडाबाईला आणलं तेव्हा तिच्या गालावर चार बोटं उठलेली होती. लिंबाजींनी गुरुपादप्पाकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

"बसा, मावशी."

"मारून झाल्यावर बसा म्हणलालाव," ती म्हणाली आणि उभीच राहिली. पन्नाशीची, वाळक्या बाभळीसारखी चिवट बाई. कमरेला गोफण खोचलेली. "इचारा."

"बिरादारांवर राग होता तुमचा?"

"व्हता. का नसावा? तळ्यात मी झिरा खणला व्हता. हाताच्या नखांनी. रोज दोन घागरी पाणी यायचं. त्यांच्या खेळाच्या आड येतो म्हणून मुरूम टाकून बुजवला. माझा मालक आडवा झाला तर आप्पासाहेबाच्या गड्यांनी त्याचं गुडघं फोडलं. आता बसल्या जागी हगतो. राग न्हाई धरायचा तर काय आरती करायची?"

"काल सकाळी कुठं होता?"

"बांधावर. शेळ्यांमागं. मारायचं असतं तर मारला असता, आन् तुम्हाला सांगितलं असतं."

लिंबाजींनी तिची गोफण मागितली. मधला पट्टा शेळीच्या केसांचा, करंगळीएवढ्या जाड दोऱ्यांचा. त्यांनी डब्यातला एक चेंडू त्यात दाबला आणि बाहेर काढला. रंगावर नांगराच्या तासांसारखे मोठे वळ उमटले आणि पट्टा नारिंगी झाला. चाळणीची बारीक जाळी त्यात नव्हती. आणि त्याआधी पट्ट्यावर नारिंगी कण एकही नव्हता.

"तुमची गोफण खराब केली, मावशी. माफ करा."

ही माफी तिला अपेक्षित नसावी. तिनं पदर सारखा केला. "तुमी बरं इचारता. बाकी समदे नुसते साहेबाच्या मयतावर रडलालेत. आप्पासाहेब तर बोडक्यानं उभा! त्याचा बाप मेला व्हता का काय?"

लिंबाजींची लेखणी थांबली.

काल तलावात दोन माणसं उघड्या डोक्यानं उभी होती. कॅप्टननी हॅट काढली, ती फौजेची रीत. त्यांच्याशेजारी आप्पासाहेब तसेच उभे, म्हणून लिंबाजींनी दोघांचा एकच हिशेब केला. पण इथं मयताला माणूस डोकं झाकून जातो. उघड्या डोक्यानं फक्त मेलेल्याचा मुलगा असतो.

ते कोठडीपाशी गेले. "कॅप्टनसाहेब, काल खेळ सुरू झाला तेव्हा आप्पासाहेबांच्या डोक्याला काय होतं?"

"काय म्हणजे? पटका. मलमलीचा पांढरा. पटक्याबिगर त्यांला कुणी बघितलंय का?"

मलमल. चाळणीसारखी बारीक वीण. पटक्याच्या शेवात चेंडू बांधून गरगरा फिरवला तर लोखंडी गोळ्यासारखा बसेल. आणि घाव दिसेल चेंडूचा.

"गुरुपादप्पा, जीप!"

"साहेब," गुरुपादप्पा चाचरत म्हणाला, "तळ्याकडून निरोप आला व्हता. आप्पासाहेबांनी मुरमाचे ट्रॅक्टर धाडलेत. भेगा बुजवलालेत. पुन्हा कुणाचा जीव जाऊ नये म्हणून."

५

पहिला ट्रॅक्टर टेकाडाला वळसा घालत होता. लिंबाजींनी जीप त्याच्या तोंडासमोर आडवी घातली. चाकं मातीत घासत गेली आणि ट्रॅक्टरचं नाकाड जीपच्या दाराला भिडून थांबलं.

आप्पासाहेब भेगेच्या काठावर उभे होते. डोक्याला नवा पटका, हातात चालताना टेकायला घेतलेली खेळाची लोखंडी काठी. "अहो फौजदार, धर्माच्या कामात आडवं येता व्हय?"

"पाच मिनिटं. मावशी, गळ टाका."

कोंडाबाई जीपमधून उतरली. तिच्या हातात विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ होता, चार आकड्यांचा, दोराला बांधलेला. तिनं तो भेगेत सोडला आणि बाई विहिरीवर करते तसा मनगटानं हलवत राहिली. काठावर दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया गोळा झाल्या. कॅप्टनना गुरुपादप्पानं धरून आणलं होतं.

गळ अडकला. तिनं हळू ओढला. मातीनं बरबटलेलं कापड वर आलं, वितीवितीनं, संपेचना. मलमलीचा पटका. त्याच्या एका टोकाला गाठ मारून सोडल्याच्या सुरकुत्या होत्या, आणि तिथं कापडाच्या आत नारिंगी आणि बाहेर तपकिरी डाग होता.

"तुम्ही बाभळीत गेलाच नाहीत," लिंबाजी म्हणाले. "टेकाडाच्या मागून गेलात. कॅप्टनच्या डब्यातला चेंडू आधीच उचललेला. काठीचा आवाज येईपर्यंत थांबलात. बिरादार भेगेत हात घालून पालथे होते, त्यांना मागचं दिसलं नाही. मग कॅप्टन येईपर्यंत पटका काठीनं आत ढोसलात. आता, ते काय शोधत होते तेवढं बघू. मावशी, अजून खाली."

दुसऱ्यांदा गळ जड आला. बाईनं दोर खांद्यावर घेतला. भेगेतून गंजलेली, हातभर लांब, आडव्या मुठीची लोखंडी किल्ली बाहेर पडली आणि खणकन शंखांवर आदळली.

ती काय आहे हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. तलावाचं पाणी सोडायच्या-अडवायच्या दाराची किल्ली. गेल्या माघात ती चोरीला गेली होती. दार उघडं राहिलं, बंद करता येईना, आणि होतं नव्हतं ते पाणी महिनाभर आप्पासाहेबांच्या उसाखालून वाहून गेलं होतं. चोर सापडला नव्हता.

"तळ्यात पाणी होतं तेव्हा फेकलीत," लिंबाजी म्हणाले. "तळं इतकं आटेल असं वाटलं नव्हतं. आधी कधीतरी खेळताना बिरादारांचा चेंडू ह्या भेगेत गेला, हात घातला, तर बोटाला लोखंड लागलं. त्यांनी तुम्हाला सांगितलं."

"सांगितलं!" आप्पासाहेबांच्या जिभेवरची साखर संपली. "माझ्या घरात जेवून मला सांगतो, कलेक्टर आला की किल्ली काढून दाखवणार! पाणी माझ्या रानातून गेलं तर कुणाचं काय गेलं? तसंही उन्हानं आटलंच असतं!"

कोंडाबाईनं दोर खाली टाकला. "माझ्या म्हशीनं वाळू चाटून जीव दिला," ती म्हणाली. "तू ऊस भिजवला."

"ए भवाने—"

काठी वर गेली. ती बाईवर यायची होती, मध्ये लिंबाजी आले. लोखंडी टोक त्यांच्या खांद्यावर बसलं, हाड कडकन वाजलं आणि ते गुडघ्यावर आले. आप्पासाहेबांनी काठी पुन्हा उचलली, ह्या वेळी डोक्यासाठी. लिंबाजींना वर नुसता पांढरा पटका आणि पांढरं ऊन दिसलं.

हवेत सूं असा आवाज झाला.

आप्पासाहेबांचं कोपर उलट्या दिशेला वाकलं. काठी गळून पडली. ते हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याचा हात होता, आणि मग बैलासारखे हंबरले. गुरुपादप्पानं त्यांना तोंडावर पाडलं आणि पाठीवर बसला.

कोंडाबाई गोफण गुंडाळत होती. नारिंगी झालेल्या पट्ट्याकडे बघून तिनं तोंड वाकडं केलं. "चिकटला मेला दगड. न्हाईतर डोसक्यात घातला असता."

६

कॅप्टन मात्र हलले नव्हते.

"आता चला," लिंबाजी खांदा आवळून धरत म्हणाले. "सुटलात तुम्ही."

"तुमी म्हणता म्हणून?" म्हातारा म्हणाला. "तो चेंडू माझा नव्हता, मान्य. पण मी मारलेला चेंडू टेकाडावरून गेला. तो कुठं पडला? आधी माझाच त्यांला लागला असंल. खाली पडल्यावर ह्यानं मारलं असंल. माझा चेंडू दाखवा. तवर मी सुटलो न्हाई."

लिंबाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काल ठाण्यात उजळलेला तो चेहरा त्यांना आठवला. असा फटका उभ्या जन्मात बसला न्हाई. हा माणूस खून कबूल करायला तयार होता, पोटुशा विधवेपुढं मान घालायला तयार होता, हाताचा चेंदा करायला तयार होता. फटका चुकला असेल एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात आली नव्हती.

"बायांनो," लिंबाजी म्हणाले, "नारिंगी चेंडू हुडकायचा. टेकाडाच्या पलीकडं नाही. अलीकडं."

"अलीकडं कशाला?" कॅप्टन तापले. "अलीकडं न्हाईच!"

बाया पसरल्या. शंख पायाखाली कुरकुरत राहिले. फार वेळ लागला नाही. जिथून फटका मारला होता तिथून बैल वळवावा इतक्याच अंतरावर, एका उथळ भेगेच्या तोंडाशी, कोंडाबाई वाकली. तिनं चेंडू पदराला पुसला, आणला आणि कॅप्टनच्या पट्टी बांधलेल्या हातात ठेवला.

चेंडूच्या वरच्या बाजूला, अगदी टाळूवर, पांढरा डाग होता. काठी नुसती घासून गेली होती. चेंडू उडालाच नव्हता, सरपटत गेला होता. कॅप्टन सूर्यात बघत राहिले आणि चेंडू त्यांच्या पायापाशीच भेगेत शिरला.

"टेकाडापर्यंतसुदिक न्हाई गेला," कॅप्टन पुटपुटले.

"इतका जवळ?" कोंडाबाई म्हणाली. "आमची म्हातारी याच्यापेक्षा लांब थुकती."

बाया पदर तोंडाला लावून थांबल्या. कॅप्टन विरूपाक्ष स्वामींची हनुवटी थरथरू लागली, डोळे भरून वाहू लागले, आणि ते तिथंच, पांढऱ्या शंखांवर, मटकन खाली बसले. तो चुकलेला चेंडू त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, दुखऱ्या बोटांनीसुद्धा.

"पुन्हा एकदा म्हण, बाई," ते म्हणाले.